पायाची वहिवाट

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 116 वे सूक्त मी तरुणपणी वाचून विसरलो होतो. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गमावून घरी बसलो असताना ते पुन्हा उघडले, तेव्हा पूर्वी नजरेतून निसटलेले सारे समोर उभे राहिले. कक्षीवान ऋषीच्या या अश्विनस्तुतीत, खेलाच्या संग्रामात विश्पलेचा पाय पक्ष्याच्या पंखासारखा तुटून पडला असता अश्विनांनी तिला तत्काळ धातूची जंघा बसवून दिल्याचे सांगितले आहे. आणि त्याच सूक्तात थोडे आधी, जिथे धरायला आधार नाही अशा समुद्रात सापडलेल्या भुज्यूला त्याच देवांनी शंभर वल्ह्यांच्या नौकेतून घरी आणल्याची कथा आहे. जंघा दिली एवढे सूक्त सांगते. ती विश्पलेची केव्हा झाली, याविषयी मात्र ते मूक आहे, आणि माझा प्रश्न नेमका तिथून सुरू होतो.

महसूल खात्यात एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला मालकी आणि वहिवाट यांतला भेद समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यातला सातचा नमुना हक्काचा, बाराचा पिकाचा. जमीन एकाच्या नावावर असते आणि ती पिढ्यानपिढ्या कसणारा दुसराच असतो, असे तंटे मी शेकड्यांनी पाहिले. माझ्या देहात तोच तंटा उभा राहिला. गेलेला पाय दस्तऐवजातून कमी झाला होता, पण त्याची वहिवाट सुटली नव्हती. मध्यरात्री त्याची करंगळी खाजे आणि माझा हात चादरीवरच्या रिकाम्या जागेकडे जाई. उलट, जो पाय रीतसर माझ्या नावे झाला होता, त्याच्या बाराच्या नमुन्यावर एका ओळीचीही नोंद नव्हती. तो जयपूर फूट होता. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास घडवलेली ही रचना, टाच व चवड्याला सच्छिद्र रबर, घोट्याला लाकूड आणि वर त्वचेच्या रंगाच्या रबराचे आवरण अशी, शेतकऱ्याला अनवाणी चिखलात उतरता यावे आणि मांडी घालून बसता यावे म्हणून केलेली आहे. तिच्या कर्त्यांविषयी मला नितांत आदर आहे. तरीही रोज सकाळी तो पाय चढवताना एखादी वस्तू वापरायला घ्यावी, तसा मी तो घेत असे.

देकार्तने 1641 च्या आपल्या चिंतनग्रंथात, अवयव तोडलेल्या माणसांना त्या नसलेल्या अवयवात वेदना होतात याची दखल घेतली आहे, आणि त्याच ग्रंथात असेही म्हटले आहे की नावाडी नावेत असतो तेवढ्याच नात्याने आपण देहात नसतो, तर त्याच्याशी मिसळून गेलेले असतो. हे वाक्य मला पटत होते, पण नावाड्याच्या बाजूने त्याने पुरेसा विचार केला असेल, असे मला वाटेना. म्हणून म्हणा, किंवा पुतण्याच्या आग्रहामुळे म्हणा, मी देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या खाडीत, कयाक शिकायला गेलो.

शिकवणारा गाबित समाजातला तरुण होता. पहिल्याच दिवशी नाव उलटली आणि एक गोष्ट कळली: पोकळ नळीत हवा असल्यामुळे माझा नवा पाय बुडायला तयार नव्हता, उजवा पाय खाली, डावा वर, अशा अवस्थेत पाण्यात सरळ होणे मुश्कील. मग पाय घडवणाऱ्या कारागिराकडे जाऊन नळीला घोट्याजवळ एक आणि वर एक अशी दोन छिद्रे पाडून घेतली, म्हणजे पाणी आत शिरावे आणि बाहेर येताच निथळून जावे. गुडघ्याच्या वर पट्टाही बांधून घेतला. दुसरी अडचण सूक्ष्म होती. वल्ह्याचा जोर दंडात नसून कमरेच्या पिळात असतो, आणि तो पीळ पायाच्या रेट्यावर उभा राहतो. डावे वल्हे ओढताना डाव्या पायाने पुढच्या खाचेला रेटले पाहिजे. माझे ते होत नसे. नाव सारखी डावीकडे वळे, आणि मी दातओठ खाऊन दंडाने भरपाई करू पाही. तेव्हा तो मागून ओरडे, “काका, पाण्यावांगडा भांडू नकात!”

देहाला मी म्हणणे हा अध्यास आहे, असे शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच सांगतात, आणि गेलेल्या पायाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मी अनुभवाने मान्य करतो. विषय उरला नाही तरी ममत्व उरले. परंतु नव्या पायाचे काय? दोरीवर साप दिसायला कुणाला शिकवणी लागत नाही. भ्रम असेल तर तो विनासायास यावा. मग हा पाय माझा वाटावा म्हणून मला आठवडेच्या आठवडे खाडीत घाम का गाळावा लागला? जे एवढ्या कष्टाने, एवढ्या उशिरा येते, त्याला निव्वळ भ्रम म्हणायला माझे मन धजत नाही. पतंजली अभ्यास आणि वैराग्य यांचा एकत्र उच्चार करतो, आणि अभ्यास दृढ व्हायला दीर्घ काळ व सातत्य यांच्या जोडीला सत्कारही लागतो, असे सांगतो. जुन्या पायाविषयीचे वैराग्य मी कष्टाने साधत होतो. नव्या पायाला सत्कार मात्र कधी दिला नव्हता. हे ध्यानात आले त्या दिवसापासून सॉकेट चढवण्यापूर्वी मी रबराची टाच ओल्या फडक्याने पुसू लागलो, आणि ओढीच्या वेळी दंडाकडे न पाहता त्या टाचेकडे लक्ष ठेवू लागलो. रेटा खुंटावर येई, दुखे, पण येई.

सहाव्या आठवड्यात, ओहोटीच्या वेळी, संगमाकडून परतताना नावेचा तळ उथळ वाळूवर खरवडला.

“टाचेला वाळू लागली रे,” मी म्हणालो.

“खंयच्या टाचेक, काका?”

“डाव्या,” मी म्हणालो, आणि मगच थांबलो.

त्याने काही विचारले नाही. आम्ही उतरलो, नाव वर ओढली, आणि पायाच्या दोन्ही छिद्रांतले पाणी निथळून संपेपर्यंत मी ओल्या वाळूवर उभा राहिलो.