नखे कोणी कापावीत?



मागील महिन्यात आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी फिरत असताना एका आजोबांकडे गेलो. प्रार्थना आटोपली, चहा झाला आणि निघताना माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. नखे वाढून बोटांवर वाकली होती. आजोबांनी पटकन पाय धोतरात ओढून घेतले.

सूनबाई म्हणाल्या, "फादर, मी कापून देते म्हणते, पण ऐकतच नाहीत."

"सुनेच्या हातात पाय देऊ का मी? अजून हात चालतात माझे," आजोबा म्हणाले.

हात चालत होते हे खरे. पण गुडघा आणि कंबर वाकत नव्हती. हात आणि पाय यांच्यात वीतभर अंतर उरत होते. आजोबांचा हा अहंकार म्हणायचा का?

पूर्वी गावात हा प्रश्नच नव्हता. नाभिक घरी येई, नराणीने नखे काढी, सुगीला बलुते नेई. ते काम जातीने लादलेले होते, म्हणून ते दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याकडून नखे काढून घेण्यात कोणाला लाज वाटत नसे. पुढे घरोघरी नेलकटर आला, ज्याची नखे त्याने कापावीत असे झाले आणि ज्याला जमत नाही तो ओशाळू लागला.

१९३१ साली पोप पायस अकरावे यांनी आपल्या विश्वपत्रात एक तत्त्व मांडले: माणूस जे स्वतःच्या बळावर करू शकतो, ते त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय आहे. सेमिनरीत आम्ही हे शासन आणि समाज यांच्या संदर्भात शिकलो. ते पायाच्या नखालाही लागू पडते, हे मला त्या घरी कळले. जयपूर फूट तयार करताना कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनीही हेच पाहिले. पाय गमावलेल्या माणसाला मांडी घालून बसता यावे, शेतात अनवाणी चालता यावे, म्हणजे त्याचे जगणे त्याला परत मिळावे.

मग आजोबांच्या मुलाने आणि मी एक पाट घेतला. मोठा नेलकटर त्यावर स्क्रूने घट्ट बसवला. पहिल्या खेपेला तो बोटाच्या फार खाली राहिला, म्हणून खाली लाकडाची चिपाटी सारली. आता आजोबा अंगणात उन्हाला खुर्चीवर बसतात, पाय पुढे सरकवून नख कटरच्या तोंडात धरतात आणि आपल्याच काठीने वरची दांडी दाबतात. नखे आधी कोमट पाण्यात भिजवायची, सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांनी मात्र हा प्रयोग करू नये. त्यांची जखम त्यांनाच कळत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. करंगळीचे नख काही केल्या त्या कटरमध्ये येईना. आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग सुनेला म्हणाले, "एवढं एक तू काप."

मला पेत्र आठवला. प्रभू पाय धुवायला वाकले तेव्हा त्यानेही आधी नकारच दिला होता. सेवा करणे कठीण, पण सेवा घेणे त्याहून कठीण. नऊ नखे स्वतः कापता आली, म्हणूनच दहावे सुनेच्या हाती देताना आजोबांना कमीपणा वाटला नसावा.

विवेकानंद आश्रमामुळे हिवऱ्याला सेवा हा शब्द नवा नाही. तरी घरच्या सेवेत आपण दोन चुका करतो. एक तर म्हाताऱ्यांचे सगळे आपणच उरकून टाकतो, नाहीतर एखादी वस्तू आणून देतो आणि मोकळे होतो. त्यांना जमेल तेवढे त्यांच्या हाती ठेवावे आणि करंगळीपुरते आपण जवळ असावे.

सणावाराला आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. या रविवारी घरी गेल्यावर वाकाल, तेव्हा त्यांच्या नखांकडेही एकदा पाहा. आणि कापायला हात घालण्याआधी त्यांना विचारा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू