चुकीला क्षमा कोणीं करावी?

नवशिक्याची चूक शिक्षकानें पदरांत घ्यावी, कीं पहिल्याच चुकीला त्यास थांबवावें, हा वाद जुना आहे. संगणकाच्या विद्येंत मात्र दोन्ही मार्ग प्रत्यक्ष आचरून पाहण्यांत आले, म्हणून तिकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

माळशिरसचा एखादा विद्यार्थी संकेतस्थळ रचण्यास शिकूं लागला आहे असें समजूं. आषाढी वारींत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरीस जाते, हें त्याच्या परिचयाचें. या मुक्कामांची यादी तो एक्सएमएलमध्यें लिहावयास घेतो. या पद्धतींत खुणांचीं नांवें लेखकानेंच ठेवावयाचीं असतात, आणि तीं देवनागरींतही चालतात. 'पालखी' ही खूण उघडावी, तिच्या पोटांत 'मुक्काम' उघडावी, गांवाचें नांव लिहावें, आंतली खूण मिटवावी आणि सर्वांच्या शेवटीं बाहेरची. यांत सवलत नाहीं. आंतलीच्या आधीं बाहेरची मिटविली, किंवा एक मिटवावयाची राहिली, तर वाचणाऱ्या यंत्रानें तेथेंच थांबावें, असा १९९८ सालचा मूळ नियम आहे.

वेबपृष्ठांची नेहमींची भाषा जी एचटीएमएल, तिचा स्वभाव उलट. खूण मिटविली नाहीं तरी ब्राउझर लेखकाचा आशय ताडून पान दाखवितो. या औदार्यामुळें असंख्य अर्धशिक्षित हातांनीं पानें लिहिलीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीनें तर्क करी, आणि एकच पान दोन ठिकाणीं दोन तऱ्हांनीं दिसे. मग २००० सालीं एक्सएचटीएमएल आली. शब्द जुनेच, शिस्त एक्सएमएलची. शिस्तीचा ज्यांना अभिमान त्यांस ती रुचली. पण ती खरोखरच एक्सएमएल म्हणून पाठविली, आणि लेखकाकडून एक खूण मिटवावयाची राहिली, तर पान कोणास दिसत नाहीं? वाचकास. अपराध एकाचा आणि दंड दुसऱ्यास! पालखीचा मुक्काम शोधणाऱ्या वृद्ध गृहस्थास व्याकरणाची तक्रार वाचावयास मिळावी, हा न्याय नव्हे. २०१४ सालीं प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ नें क्षमा कायम ठेविली, मात्र कोणती चूक कशी सांवरावयाची याचे नियम सर्व ब्राउझरांस सारखे लिहून दिले. क्षमा लहरीवर न सोडतां नियमबद्ध करणें, हें आम्हांस पूर्वीच्या दोन्ही पक्षांहून श्रेष्ठ वाटतें.

जावास्क्रिप्टमधील डॉमपार्सर नांवाच्या साधनाची तऱ्हा तिसरीच. मोडका मजकूर मिळाल्यास तें आरडाओरड करीत नाहीं. एक दस्तऐवज परत देतेंच, फक्त त्यांत 'पार्सरएरर' ही खूण घातलेली असते. ती ज्यानें पाहिली नाहीं त्यास मुक्काम अपुरे सांपडतात किंवा मुळींच सांपडत नाहींत, आणि तो बिचारा पुढच्या निर्दोष ओळींत दोष शोधीत बसतो. हें मौन दयेचें म्हणतां येत नाहीं. (हल्लीं बहुतेक कामांत एक्सएमएलच्या जागीं जेसॉन आला आहे; त्याचें वाचन चूक दिसतांच थांबतें व तसें बजावतें.)

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यानें यादी मांडण्यापूर्वीं ती खूण शोधावी, सांपडल्यास तक्रार आपल्यापुरती नोंदवावी, आणि मागची शुद्ध यादी जपून ठेवून, ती केव्हांची हें लिहून, तीच वारकऱ्यास दाखवावी.