केस आवरायचे ते कशासाठी?

मान खाली घालून करायचं कुठलंही काम हाती घेतलं की मोकळे सोडलेले लांब केस पुढे येतात. भाताची लावणी करणाऱ्या बाईचे हात चिखलाने माखलेले असतात. डोळ्यांवर आलेली बट ती बोटांनी सारू शकत नाही, कपाळ दंडाला घासून दूर करते. कणीक मळणारीचे हात पिठाने भरलेले असतात. शिलाई मशीनवर बसलेल्या मुलीची नजर सुईखालच्या कापडावरून हलू शकत नाही. गालावर रुळणाऱ्या बटेचं कौतुक गाण्यांतून आणि सिनेमांतून पुष्कळ झालं आहे, पण ते बघणाऱ्याचं कौतुक आहे. जिच्या डोळ्यांपुढे ती बट येते, तिच्या कामात मात्र दर वेळी खंड पडतो. म्हणूनच केस आवरणं ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. आपल्या शरीरावर आपला किती ताबा आहे आणि त्यावर इतरांनी किती हक्क सांगितला आहे, हे तिथे रोजच्या रोज दिसतं.

आधी केस पुढे का येतात ते पाहू. डोक्यावरचा प्रत्येक केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, काही वर्षं वाढत राहतो आणि गळतो. प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या वेळी झालेली असल्याने सगळे केस कधीच एका लांबीचे नसतात. मागची वेणी कितीही नेटकी असली तरी कपाळापाशी आणि कानशिलांवर नव्याने उगवलेले, मध्येच तुटलेले आखूड केस तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी बऱ्याच जणींचे केस भरभरून गळतात आणि मग उगवलेले नवे केस कित्येक महिने कपाळावर येत राहतात. नेमक्या त्याच काळात कडेवर मूल असतं आणि हात मोकळे नसतात. नुकतेच धुतलेले केस इतके सुळसुळीत असतात की पिनही घसरते. आज्या तेल लावून चापूनचोपून वेणी घालत, त्यात केसांच्या काळजीबरोबर हा व्यवहारही होता.

उपाय बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या हातांनी शोधले आहेत. दोन्ही कानशिलांवरच्या बटांना पीळ देत त्या मागे नेऊन बांधल्या की चेहरा मोकळा राहतो. काळी पिन लावताना तिची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवली तर पकड पक्की बसते. केस मोकळे ठेवायची हौस असेल तर फक्त वरचे अर्धे मागे घेऊन क्लचर लावता येतो. उन्हात आणि धुळीत काम असेल तर कपाळावरून घट्ट बांधलेला रुमाल सगळ्यांत भरवशाचा. आणि अंबाड्याला तर कसलंच साधन लागत नाही, केसांनीच केस अडकवून ठेवता येतात. मात्र घट्ट बांधणं म्हणजे चांगलं बांधणं नव्हे. वर्षानुवर्षं त्याच जागी ताणून बांधलेले केस मुळाशी दुखावतात, कपाळाची रेषा मागे सरकते आणि वेळीच सैल केलं नाही तर तिथे केस पुन्हा उगवत नाहीत. केस आवरायचे ते त्यांच्या मालकिणीच्या सोयीसाठी. त्या सोयीपायी तिचं डोकं दुखायला लागलं तर हेतूच हरवला.

सोयीच्या पुढची पायरी सुरक्षिततेची. चुलीपुढे वाकताना, प्रयोगशाळेत बर्नर पेटवताना, मळणीयंत्रापाशी उभं असताना केस बांधलेले नसतील तर जीव धोक्यात येतो. फिरता दांडा केसांचं एक टोक पकडतो आणि माणसाने हात वर करायच्या आत बाकीचे केस गुंडाळून घेतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये लाखो स्त्रिया कामाला लागल्या, तेव्हा हा प्रश्न फार मोठा झाला. व्हेरोनिका लेक ही नटी एका डोळ्यावर केस सोडण्याच्या ढबीसाठी प्रसिद्ध होती आणि असंख्य मुली तिचं अनुकरण करत होत्या. सरकारच्या विनंतीवरून तिने युद्धकाळात आपली केशरचना बदलली आणि केस बांधण्याचा प्रचार केला. तिथे केस बांधा म्हणण्याला डोळ्यांना दिसणारं कारण होतं, म्हणून तो नियम मला आदराचा वाटतो.

पण तेवढ्यावर थांबलं तर सगळा भार पुन्हा बाईच्याच डोक्यावर पडतो. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात लोक छोट्या मोटरहोड्यांनी ये-जा करतात. या होड्यांच्या तळाशी इंजिनाचा फिरता दांडा उघडा असायचा. त्याच्याजवळ बसलेल्या किंवा वाकलेल्या मुलींचे आणि बायकांचे केस त्यात अडकून डोक्याची कातडीच सोलून निघण्याचे अपघात तिथे वर्षानुवर्षं होत राहिले. २००९ साली ब्राझीलने कायदा करून त्या दांड्यावर झाकण सक्तीचं केलं. आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्यानेही यंत्रांच्या धोकादायक भागांना आडोसा घालण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो: आधी यंत्र झाका, मग केस बांधायला सांगा. केस हा शरीराचा भाग आहे. चूक असलीच तर उघड्या दांड्याची आहे.

कामासाठी आणि धोक्यासाठी केस बांधायचे, इथपर्यंत वाद नाही. अडचण पुढच्या नियमांची आहे. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नयेत, देवळात मोकळ्या केसांनी जाऊ नये, चारचौघांत केस सोडून बसू नये. का, असं विचारलं तर उत्तर येतं, 'बरं दिसत नाही.' तिन्हीसांजेच्या नियमामागे एके काळी मिणमिणत्या उजेडात अन्नात केस जाण्याची काळजी असेलही. पण घरात विजेचा दिवा आला, तरी नियम राहिला. कारण संपल्यावरही उरलेला नियम माणसाची सोय पाहत नाही, फक्त आज्ञापालन मागतो.

केसांवर दुसऱ्याने हक्क सांगितला की तो कुठवर जातो हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. विधवेचे केस तिच्या इच्छेविरुद्ध काढून टाकण्याला इथे धर्म म्हटलं गेलं. हरी नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीतल्या यमूच्या वाट्याला तेच आलं आणि ते वाचून त्या काळचा वाचक हादरला. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला. मराठी समाजाने अभिमान बाळगावा अशा घटनांत मी ही फार वर धरते.

केशवपनाच्या नेमकी उलट वाटणारी रूढी म्हणजे जट. तेलपाणी आणि विंचरणं राहून गेलं की केसांचा गुंता होतो आणि तो वाढत जातो. त्याला देवीची खूण मानून कात्री लावू द्यायची नाही, आणि पुढे त्याच कारणाने मुलीला देवीला सोडायचं, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या घडलं. त्या ओझ्याने मान आखडते, डोक्यात उवा आणि जखमा होतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते अशा बायकांच्या घरी जाऊन, भीती घालवून, त्यांच्या संमतीने जट सोडवतात. एकीचे केस बळजबरीने काढले, दुसरीला ते काढू दिले नाहीत. दोघींनाही कुणी विचारलं नाही, हा अन्याय मात्र एकच.

धर्माने केसांना शहाणपणाने वागवल्याचं उदाहरणही आहे. १६९९ साली गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली. त्या पंथाच्या पाच ककारांत, म्हणजे 'क'ने सुरू होणाऱ्या पाच खुणांत, केस आहेत आणि त्यांच्या जोडीला कंगाही आहे. केस वाढवायचे, पण रोज विंचरून, बांधून, नीट राखायचे. आणि हे पुरुषांनाही सांगितलेलं आहे. आपल्याकडे केस आवरण्याचा उपदेश मुलींपुरताच राहिला, त्याने त्याचं खरं प्रयोजन झाकलं गेलं. डोळ्यांवर केस आले की दिसत नाही, ही अडचण मुलग्यालाही तितकीच आहे.

मोकळ्या केसांना आपल्या परंपरेत दुसराही मान आहे. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' या संस्कृत नाटकात भरसभेत अपमानित झालेल्या द्रौपदीचे केस अपमानाची भरपाई होईपर्यंत मोकळेच राहतात. तिथे सुटलेली वेणी बेशिस्त ठरत नाही, ती अन्यायाची जाहीर नोंद असते. बांधलेले केस शालीन आणि सोडलेले केस उच्छृंखल हे समीकरण आपल्याच साहित्याने फार पूर्वी मोडलं आहे.

तेव्हा मला एवढंच म्हणायचं आहे. केस बांधण्याचा प्रत्येक नियम कारणाच्या कसोटीवर उतरला पाहिजे. शाळेने प्रयोगशाळेत आणि मैदानावर केस बांधायला जरूर सांगावं, लांब केसांच्या मुलग्यांनाही सांगावं. वर्गात मात्र डोळ्यांवर केस येत नाहीत एवढं पुरे. तेलकट दोन वेण्याच हव्यात हा हट्ट सोडावा. यंत्र चालवणाऱ्याने आधी त्याचा फिरता भाग झाकावा. आणि घरातल्या मोठ्यांनी मुलीला 'केस बांध' म्हणताना त्यामागचं कारण तिला सांगावं. ते पटलं तर ती आपणहून केस बांधेल. सांगण्याजोगं कारणच नसेल, तर तिचे केस तिच्यावर सोडावेत.