जाम झालेला नट

मुंबईच्या काळ्यापिवळ्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सींचा प्रवास २०२३ मध्ये संपला. पण जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडून घेण्याजोगा सबक अजून शिल्लक आहे. लोखंड गंजले की फुगते, आट्यांत जागा उरत नाही आणि नट जाम होतो. नवशिका पान्यावर सारा जोर टाकतो. बोल्टचे डोके तुटते आणि बूड इंजिनच्या ब्लॉकमध्येच अडकते. जाणता मिस्त्री तेल सोडून रात्रभर थांबतो, हलके ठोके देतो, थोडे आवळतो, थोडे सोडतो. तरीही हलला नाही तर तेल पुसून नट तापवतो. सब्र म्हणतात तो हाच. त्यात हात रिकामे नसतात.

सारे उपाय थकले की तोच मिस्त्री छिन्नीने नट फोडतो. नट बाजारात मिळतो, ब्लॉक सहज मिळत नाही, हे तो जाणतो.

आपल्यात जहेजचा रिवाज असाच गंजून बसला आहे. मेहर हा वधूचा हक्क. जहेज केवळ रिवाज. समजावणे जरूर आहे, पण कुठवर? गॅरेजमध्ये वाट पाहणारा मिस्त्री स्वतःचा वेळ खर्च करतो. इथे सब्राचा उपदेश वडीलधारे करतात आणि त्याची किंमत मुलगी व तिचा कर्जबाजारी बाप मोजतो. अशा वेळी छिन्नी उचलणेच रास्त.