न वाजणारा टाळ

माउलींच्या पालखीच्या तळावर संध्याकाळी समाजआरती होते. दिंड्या गोलाकार उभ्या असतात, टाळमृदंगांचा गजर चाललेला असतो, आणि चोपदार हातातला दंड उंच करतात. क्षणात सगळा तळ शांत होतो. मात्र एखाद्या दिंडीची काही अडचण किंवा तक्रार असेल, तर ती थांबत नाही, तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिच्याकडे जाऊन म्हणणं ऐकून घेतात, तेव्हा ते टाळ थांबतात. हरवलं-सापडलं सांगितलं जातं, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ जाहीर होते, आणि मग आरती.

गेल्या वर्षी सासवडला मी हे पाहिलं. पण सासवडपर्यंत मी चालत पोचले नव्हते. पुणे ते सासवड हा वारीतला सर्वांत लांब टप्पा, जवळजवळ तीस किलोमीटरचा. हडपसरला तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे वळते आणि माउलींची दिवे घाटाकडे. मी वडकीपर्यंत चालले. घाट समोर दिसत होता आणि माझा उजवा गुडघा दुमडत नव्हता. कडेला बसले तेव्हा सत्तरीच्या एक आजी थांबल्या, पाण्याची बाटली हातात दिली, ‘माउली, पुढच्या वर्षी’ म्हणाल्या आणि टाळ्या वाजवत घाटाला लागल्या. तिथून पुढे मी गाडीने गेले. वर्षभरात एकही दिवस सलग दोन तास चालले नव्हते आणि तीस किलोमीटरला निघाले होते. चूक सर्वस्वी माझीच होती.

संध्याकाळी आरतीच्या वेळी एका दिंडीचे टाळ वाजत राहिले, आणि मला गुडघा आठवला. तो कितीतरी महिने सांगत असणार. मी ऐकलं नव्हतं.

मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात आहे. आमचा महिना तारखांना बांधलेला असतो. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र, २०ला जीएसटीआर-३बी, आणि जून संपला की तिमाहीचे हिशेब. या कामाचा टाळ कधी थांबत नाही. फोन वाजतो, मेल येते, साहेब टेबलापाशी येऊन उभे राहतात. त्यामुळे त्याचं ऐकलं जातंच, आणि जायलाही हवं. तारीख चुकली तर दंड कंपनीला बसतो, शिवाय आमच्याकडून माल घेणाऱ्याला कराची वजावट वेळेवर मिळत नाही.

दर शनिवारी दुपारी दोन तास मी एका अंध विद्यार्थिनीला वाचून दाखवते. ती अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. मी गेले होते लेखनिक व्हायला. तिथे कळलं की पुष्कळ परीक्षांना लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेत शिकणारा लागतो. ‘तुम्ही वाचक व्हा,’ असं मला सुचवण्यात आलं. संगणक आता पुस्तकं वाचून दाखवतो, मग माणसाचं काय काम, असं मलाही वाटलं होतं. पण मराठीतल्या कितीतरी नोट्स आणि प्रकरणं युनिकोडच्या आधीच्या टंकांत आहेत, आणि संगणक ती वाचायला लागला की कानावर नुसती निरर्थक अक्षरं पडतात. आकृत्यांपाशी तर तो बहुधा मुकाच असतो. मागणीवक्र तोंडाने सांगायचा म्हणजे काय, हे त्या खोलीत कळलं. शेवटी आम्ही पुठ्ठ्यावर लोकरीचा धागा चिकटवला. तिने बोट डावीकडून उजवीकडे, वरून खाली नेलं आणि म्हणाली, ‘ताई, हा तर घाट उतरतोय.’

मार्चमध्ये एका शनिवारी मी तिला फोन करून सांगितलं, की आज जमणार नाही, चालण्याचा सराव करायचा आहे. ‘हो ताई, चालेल,’ ती म्हणाली. पुढच्या आठवड्यातही तेच झालं. तिसऱ्या शनिवारी गेले, तर दोन प्रकरणं तशीच पडली होती आणि तिची अंतर्गत चाचणी होऊन गेली होती. तिने ते सांगितलंही नव्हतं, मीच विचारलं तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. जो आपल्यावर अवलंबून असतो तो बहुधा ‘चालेल’ म्हणतो, कारण वाचणारं माणूस दुखावलं तर उद्या येणार नाही, ही भीती त्याच्या मनात असते. त्याच्या हातातला टाळ तो वाजवणार नाही.

तेव्हापासून मी तोल या शब्दाकडे वेगळ्या नजरेने पाहते. नोकरीला इतके तास, व्यायामाला इतके, समाजाला इतके, अशी वाटणी मी वहीत पुष्कळदा करून पाहिली. ती टिकली नाही, कारण सगळ्यांचा आवाज सारखा नसतो. जो मोठ्याने वाजतो तो आपला वाटा घेतोच. म्हणून आता सकाळी पर्वतीची टेकडी चढताना मी मनातल्या मनात दंड उंच करते आणि विचारते, की न वाजणारं कोण आहे. बहुतेक दिवशी उत्तरं दोनच असतात, शनिवार आणि गुडघा.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या. सुरुवातीला एकदाच चढायचे, आता चार वेळा चढते. उतरताना घाई करत नाही. गुडघ्यावर जास्त भार येतो तो उतरताना, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा पटलं. रविवारी लांब चालते. ८ किलोमीटरपासून सुरुवात केली होती, गेल्या रविवारी १८ झाले. सासरे अनेक वर्षं वारी करत. त्यांनी एकच गोष्ट बजावली: विसाव्याला वहाणा काढून बसायचं, उभ्याने विसावा घ्यायचा नाही. पालखीच्या वाटेवर विसावे ठरलेले असतात, माउलींचा रथसुद्धा थांबतो. इतक्या लोकांना पंढरपूरला पोचायचं असतं आणि तरी विसावा कुणी गाळत नाही. मी ऑफिसात दुपारचा डबा संगणकासमोर खात असे. आता खाली जाऊन बसते. एक गोष्ट अनपेक्षित मिळाली. चढ चढून दम वाढला, आणि शनिवारी दोन तास वाचल्यावर बसणारा आवाज बसेनासा झाला.

यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे गेल्या वर्षी ६ जुलैला असलेली आषाढी २५ जुलैला आली आहे. सरावाला जादा दिवस मिळाले, पण दिवे घाट मात्र ११ तारखेच्या आसपास येतोय, म्हणजे ऐन विवरणपत्राच्या दिवसांत. तिथी तर माझ्यासाठी हलणार नाही. मग मी हलले. सगळी बिलं ८ तारखेपर्यंत माझ्याकडे यावीत असं सगळ्या विभागांना आत्ताच कळवलं आहे. शेजारच्या टेबलावरचे सहकारी तो एक दिवस सांभाळतील. ते गणपतीला कोकणात जातात, तेव्हा त्यांची कामं मी बघेन. दोन वर्षं मी हे विचारायला संकोचत होते, आणि ते ‘हो’ म्हणाले पाच मिनिटांत.

त्या आठवड्यातला वाचनाचा शनिवार बुधवारी घ्यावा असं माझ्या मनात होतं. पण या वेळी दिवस मी ठरवला नाही, तिला विचारलं, ‘बुधवार चालेल?’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘ताई, बुधवारी नको, मंगळवारी.’ मला फार बरं वाटलं. मंगळवार ठरला.

तुमच्या गावात अंध मुलामुलींचं वसतिगृह असेल, किंवा जवळच्या महाविद्यालयात असे विद्यार्थी असतील, तर एकदा जाऊन विचारा. स्वच्छ मराठी वाचता येत असेल आणि आठवड्याचा एक तास असेल, तर तेवढं पुरतं. जाल तेव्हा वार मात्र त्यांना विचारून ठरवा, आणि एकदा ठरला की मोडू नका.