झाकणाच्या आतली बाजू

निवृत्त झाल्यावर माणसाच्या हातांना काहीतरी चाळा लागतो. कुणी गुलाब लावतो, कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतो. मी घड्याळे उघडू लागलो.

नाद तसा निरुपद्रवी आहे. जुन्या बाजारातून किल्लीचे एखादे बंद घड्याळ आणायचे, त्याला निराळी तबकडी व काटे बसवायचे आणि आपल्या आवडीचा पट्टा लावून ते मिरवायचे. डोळ्याला भिंग, बोटांत चिमटा, धूळ उडवायला रबरी फुगा. एवढ्यावर काम भागते. तबकडीच्या पाठीला दोन बारीक पाय असतात. कडेचे स्क्रू सैल केले की ती सुटते. काटे मात्र क्रमानेच बसवावे लागतात : आधी तासाचा, मग मिनिटाचा, शेवटी सेकंदाचा, तेही तिन्ही बारावर आणून आणि एकमेकांना शिवू न देता. जेवणाच्या टेबलावर हा उद्योग चालला की घरची मंडळी माझ्यापासून दूर राहतात, आणि तेही मला मानवते.

पण हा नाद एकदा वडिलांच्या घड्याळापर्यंत पोचला.

ते एचएमटीचे ‘जनता’. हिंदुस्तान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला, आणि आमच्यासारख्या घरांतल्या मनगटांवर देशी घड्याळ आले. घड्याळांचे ते काम बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. वडिलांनी आपले घड्याळ १९७२ साली पगाराच्या थकबाकीतून घेतले होते. त्यांच्यामागे ते माझ्याकडे राहिले. पण दरवर्षी पाडव्याला दादा नागपूरहून आला की आंघोळीनंतर तोच त्याला किल्ली देई, कानाला लावून पाही आणि दिवसभर मनगटावर बाळगी. तेवढा एक दिवस ते त्याचे.

गेल्या वर्षी मनात आले, त्याला देवनागरी आकड्यांची निळी तबकडी बसवावी आणि दादाला चकित करावे. मिनिटाचा काटा उचलताना चिमटा सटकला. वडिलांच्या तबकडीवर सहापासून नवापर्यंत ओरखडा उठला.

निळ्या तबकडीचा उत्साह तिथेच संपला. मी आठवडाभर हिंडून हुबेहूब तशीच जुनी तबकडी मिळवली. तिचा पांढरा रंगही तसाच पिवळसर झालेला. ती बसवली आणि पाहिले, तर कुणालाही फरक कळला नसता.

मग मी मनाशी वकिली सुरू केली. काच दोनदा बदलली होती, पट्टे तर किती झाले याची गणती नाही. आतली स्प्रिंगही केव्हातरी बदलली असेलच. मग तबकडीनेच काय घोडे मारले? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो की, महाराज, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या साऱ्यांच्या जुळणीला आपण रथ हे नाव देतो, इतकेच. या न्यायाने माझे घड्याळही वडिलांचेच होते. सेकंदाला पाच ठोके, दिवसाला चार लाख बत्तीस हजार, पूर्वीसारखेच पडत होते.

युक्तिवाद बिनतोड होता. तरी झोप येईना. नागसेनाने रथाचा प्रश्न सोडवला होता. माझा प्रश्न रथ दुरुस्त करणाऱ्याचा होता.

दुसऱ्या दिवशी झाकण बसवताना त्याच्या आतल्या बाजूवर उजेड पडला. तिथे सुईने कोरलेल्या तीन बारीक तारखा होत्या. ७४ सालची, ८३ सालची, ९१ सालची. आणि प्रत्येकीपुढे एकेक खूण. घड्याळ साफ करणाऱ्या कारागिरांची ही जुनी रीत. घड्याळ वापरणाऱ्याला ती अक्षरे कधी दिसत नाहीत. ती लिहिलेली असतात पुढे कधीतरी झाकण उघडणाऱ्या अनोळखी माणसासाठी : इथे माझा हात लागला आहे, अमुक दिवशी.

त्या तिघांना कुणी विचारले नव्हते, आणि सांगितल्याबद्दल कुणी पैसा जास्त दिला नव्हता. मी मात्र इतकी मेहनत केली होती ती माझा हात लागल्याचे कळू नये म्हणून.

तुम्ही म्हणाल, दादाच्या आनंदात विरजण कशाला? न सांगितल्याने कुणाचे बिघडत होते? सुखाचा हिशेब मांडला तर गप्प बसणेच फायद्याचे होते, हे मलाही पटते. पण दादा त्या दिवशी घड्याळाकडे पाहून वडिलांना आठवतो. कशाकडे पाहून आठवायचे, हे त्याच्यावतीने मी परस्पर ठरवावे, हा अधिकार मला कुणी दिला? घड्याळ उघडून त्यातले बदलता येते, कारण त्याला विचारता येत नाही. भावाला विचारता येते.

मी सुई घेतली. तिघांच्या खाली तारीख कोरली आणि पुढे ‘त’ काढला, तबकडीचा. पण दादा काही झाकण उघडणार नव्हता. त्याला तोंडानेच सांगणे भाग होते.

पाडव्याला त्याने घड्याळ हातात घेतले तेव्हा मी सांगितले आणि जुनी तबकडी डबीतून काढून पुढे केली. त्याने ती उजेडात धरली. ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

“ही मी नेऊ का?” एवढेच त्याने विचारले.

त्या दिवशी त्याने घड्याळ घातले नाही. मला वाईट वाटले. आणि खरे सांगतो, त्या रात्री झोपही लागली.

आता तबकडी नागपूरला आहे आणि घड्याळ इथे. त्यांतले वडिलांचे कोणते, हे आम्ही एकमेकांना विचारलेले नाही. यंदा दादा येतो आहे. घड्याळ मी पुसून ठेवले आहे, किल्ली मात्र दिलेली नाही. ती त्याने द्यायची.