पार, पंप आणि थांबण्याचा अधिकार

कादंबरीतील स्थलकालबंधांचा विचार करताना बाख्तिनने रस्त्याला विशेष स्थान दिले आहे. दर्जा, धर्म, वय यांच्या अंतरांमुळे एरवी ज्यांची गाठ पडली नसती अशी माणसे रस्त्यावर योगायोगाने समोरासमोर येतात. पेट्रोलपंप हा आधुनिक रस्त्यावरचा अटळ थांबा. परंतु तेथे भेट म्हणून काही घडत नाही. मोटारींच्या सोयीने वाढलेल्या शहरांत पंपांची पुनर्रचना करून त्यांना लोकांच्या बैठकीचे रूप द्यावे, हा विचार अलीकडे मांडला जातो. यवतमाळ जिल्ह्यातून पाहता हा प्रश्न स्थापत्याचा कमी आणि नीतीचा अधिक आहे, असे वाटू लागते.

यवतमाळ हे मोटारींचे शहर नव्हे. ते दुचाकींचे आणि एस.टी.चे आहे. मूर्तिजापूरहून येणारी नॅरोगेज 'शकुंतला' थांबल्यावर तर सारी भिस्त रस्त्यावरच राहिली. नागपूर–हैदराबाद महामार्गावर वडकी, करंजी, पांढरकवडा या पट्ट्यातील पंपांवर परप्रांतीय मालमोटारी आणि गावातले ट्रॅक्टर एकाच रांगेत उभे राहतात. ही रांग म्हणजे सहवास नव्हे. मार्क ओजे याने १९९२ साली ज्यांना 'अ-स्थळे' म्हटले, त्यांत पंप सहज बसतो. ज्वालाग्राही इंधनामुळे तेथे रेंगाळणे गैर. वाहन भरले की निघावे, हाच तेथील शिष्टाचार.

येथे गावच्या पाराची आठवण काढून हळहळण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. पारावर कोणी बसावे आणि कोणी दुरून जावे, हे जन्माने ठरत असे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्या तुलनेत पंपावर कोणी जात विचारीत नाही. पैशाची ही उदासीनता, कितीही कोरडी असली तरी, एक मुक्ती आहे. परात्मतेची चर्चा करणारे आपण अभ्यासक ती सहसा हिशेबात धरीत नाही.

मात्र तिची अटही उघड आहे. वाहन आणि पैसा नसलेला माणूस पंपावर कोणीच नसतो. हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह विनामूल्य पुरवण्याचे बंधन तेल कंपन्यांच्या नियमावलीने पंपचालकांवर घातले आहे. हे स्वच्छतागृह ग्राहकाचे की कोणाही वाटसरूचे, हा वाद २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे आला. वाद क्षुल्लक नाही. दूरच्या प्रवासाला निघालेल्या स्त्रीने पाणी प्यावे की तहान मारावी, हे त्याच्या उत्तरावर ठरते. बाके आणि कॉफीचे दुकान मांडून या प्रश्नाला बगल देता येते. मग ग्राहक अधिक वेळ बसतो, एवढेच.

विजेवरची वाहने वाढत आहेत, आणि विद्युतभरणाला पेट्रोलपेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो. म्हणजे पंपावर थांबणे आता शिष्टाचारात बसणार, बाकेही येणारच. वडकीच्या फाट्यावर उन्हात एस.टी.ची वाट पाहणाऱ्या, काहीही विकत न घेणाऱ्या बाईने त्यांतल्या एकावर टेकावे आणि तिला कोणी उठवू नये, हे आराखड्यात कोठे लिहिलेले असेल?